घरच्या घरी उदबत्तीच्या धुराचे फोटो आणि त्यांचं एडिटिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुराच्या फोटोंबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न मांडणीचे, मधले फोटो काढण्याचे आणि शेवटचे एडिटिंगमधल्या अडचणींचे आहेत. एक गोष्ट मात्र जवळजवळ प्रत्येक उत्तरात येईल: पार्श्वभूमी खोलीतच पूर्ण काळी मिळाली पाहिजे. ती मिळाली की एडिटिंगला दहा मिनिटं पुरतात. नाही मिळाली, तर दोन तास घासूनही फोटो मळकटच राहतो.

१. कमीत कमी काय साहित्य लागतं?

मॅन्युअल मोड असलेला कॅमेरा, कॅमेऱ्यापासून लांब ठेवून उडवता येणारा एक फ्लॅश, त्याचा ट्रिगर किंवा केबल, ट्रायपॉड, दोन मीटर काळं कापड, काळ्या कार्डशीटचे तीन-चार तुकडे आणि उदबत्तीचा पुडा. कापड मखमलीचं घ्या, तिची लव प्रकाश गिळून टाकते. सॅटिन किंवा चमकणारं पॉलिस्टर नको; त्याच्या प्रत्येक सुरकुतीवर फ्लॅशची रेघ उमटते. लेन्स ५० ते १०५ मिमीमधली कोणतीही चालते, मॅक्रोची गरज नाही. फ्लॅशच नसेल तर प्रश्न ६ पाहा.

२. उदबत्ती कोणती घ्यावी? धूप, कापूर किंवा ऊद चालेल का?

साधी, बारीक, काडीवाली उदबत्ती सगळ्यात चांगली. तिचा निखारा लहान असतो, त्यामुळे धूर एका धाग्यासारखा उठतो आणि त्याचे वळसे सुटे दिसतात. जाड मसाला उदबत्ती किंवा धूपकांडी जास्त धूर सोडते, पण तो दाट आणि गुबगुबीत असतो. ढगासारखा आकार हवा असेल तेव्हाच वापरा. धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर ऊद घातला तर दोन मिनिटांत खोली भरते आणि पुढचा फोटो काढता येत नाही. कापूर तर नकोच. तो ज्योतीने जळतो, काळी काजळी सोडतो आणि ती काजळी लेन्सवर बसते.

पावसाळ्यात उदबत्ती सादळलेली असेल तर मधेच विझते. आधी तासभर उन्हात ठेवा, ऊन नसेल तर कोमट तव्याशेजारी.

३. उदबत्ती, फ्लॅश आणि काळा पडदा नेमके कुठे ठेवायचे?

कॅमेऱ्यासमोर ७० ते ८० सेंमीवर उदबत्ती, वाळू किंवा तांदूळ भरलेल्या वाटीत घट्ट खोचलेली. तिच्या मागे किमान सव्वा ते दीड मीटरवर काळं कापड, कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांनी ताणून लावलेलं. फ्लॅश एका बाजूला, धुरापासून ४० सेंमीवर, निखाऱ्यापेक्षा थोडा वर आणि किंचित मागून पुढे येणारा. धुराचे कण प्रकाश मागे परतवण्यापेक्षा पुढच्या दिशेला जास्त फेकतात, म्हणून मागून-बाजूने उजळलेला धूर चमकतो आणि समोरून उजळलेला फिका पडतो.

पडद्याचं अंतर का राखायचं, ते आकड्यांत पाहा. फ्लॅश धुरापासून ४० सेंमीवर आणि पडद्यापासून १६० सेंमीवर असेल, तर पडद्यावर धुराच्या मानाने सोळावा हिस्सा प्रकाश पडतो, म्हणजे चार स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). तेवढाही पडू नये म्हणून फ्लॅशच्या तोंडावर कार्डशीटची १५ सेंमी लांब नळी बसवा. दुसरा तुकडा फ्लॅश आणि लेन्सच्या मधे आडवा उभा करा. हा दुसरा तुकडा बरेच जण विसरतात. मग प्रकाश थेट लेन्समध्ये शिरतो, सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा येतो आणि बोल लावला जातो धुराला.

४. कॅमेऱ्याची सेटिंग काय ठेवायची?

इथून सुरुवात करा: मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८, शटर १/१६० किंवा १/२०० सेकंद, फ्लॅश मॅन्युअलवर १/१६ ताकदीने, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). आता फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. त्यात काही दिसलं, तर खोलीतला उजेड आत शिरतोय. दिवे घालवा, पडदे ओढा. मग फ्लॅश लावून धूर पाहा. फिका वाटला तर एफ/५.६ वर या किंवा फ्लॅश जवळ घ्या. धुराचा गाभा पांढराफटक होत असेल तर फ्लॅश १/३२ वर न्या.

धूर गोठवण्याचं काम इथे शटर करत नाही, फ्लॅश करतो. समजा धूर सेकंदाला ३० सेंमी वर चढतोय. १/६० सेकंदात तो ५ मिमी सरकतो, १/५०० मध्ये ०.६ मिमी. छोटा फ्लॅश १/१६ ताकदीवर सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच पेटतो. तेवढ्यात धूर जागचा हलत नाही म्हटलं तरी चालेल. पूर्ण ताकदीवर मात्र तोच फ्लॅश जास्त वेळ पेटलेला राहतो आणि बारीक रेषा पुसट होतात. म्हणून ताकद कमी, अंतरही कमी. हाय-स्पीड सिंक (खूप वेगवान शटरसोबत फ्लॅश चालवण्याची सोय) वापरू नका, त्यात फ्लॅश लांबवर लुकलुकत राहतो आणि गोठवण्याचा फायदाच जातो.

५. फोकस धुरावर बसतच नाही. काय करू?

ऑटोफोकसला पकडायला धुरात काही ठोस नसतं. धूर ज्या उभ्या रेषेत चढतो तिथे एक पट्टी धरा, तिच्या आकड्यांवर फोकस घ्या आणि लेन्स मॅन्युअलवर टाका. त्यानंतर ट्रायपॉड आणि वाटी दोन्ही हलवू नका. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १०० मिमी लेन्सने ८० सेंमीवरून एफ/८ ला जेमतेम ३ सेंमी जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. ५० मिमी लेन्सने तोच सुमारे १२ सेंमी होतो. धूर पुढे-मागे डुलतच असतो, त्यामुळे नवशिक्यांनी ५० मिमीने सुरुवात करावी आणि नंतर कापून घ्यावं. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, बारीक तपशील मऊ पडतो.

६. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. जमेल का?

जमेल, पण प्रकाश सतत पेटता हवा आणि भरपूर हवा. दोन एलईडी टॉर्च, धुराच्या दोन्ही बाजूंना २०-२५ सेंमीवर, प्रश्न ३ प्रमाणे किंचित मागून. मोबाइल स्टँडवर. प्रो मोडमध्ये शटर १/२५० ते १/५००, आयएसओ ४०० ते ८००, फोकस पट्टीवर घेऊन लॉक. नाइट मोड आणि एचडीआर बंद करा, कारण दोन्ही अनेक फ्रेम एकावर एक रचतात आणि हलता धूर त्यात सारवल्यासारखा होतो.

फोटोत आडवे पट्टे दिसले तर टॉर्च लुकलुकतोय. मंद मोड सोडून पूर्ण प्रखरतेवर लावा. ट्यूबलाइटच्या उजेडात काढू नका. ५० हर्ट्झच्या विजेवर जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते आणि वेगवान शटरला प्रत्येक फोटो वेगळा येतो. फोरके व्हिडिओतून फ्रेम उचलण्याचा मार्गही आहे, पण तो फोटो साधारण ८ मेगापिक्सेलचाच असतो.

७. धूर नुसता सरळ वर जातो किंवा एकदम विस्कटतो. सुंदर वळसे कसे आणायचे?

निखाऱ्यापासून काही सेंटिमीटर धूर दोऱ्यासारखा सरळ चढतो, मग डगमगतो, मग वेटोळी घालतो आणि शेवटी फिस्कटतो. डगमगण्यापासून वेटोळ्यांपर्यंतचा टप्पा आपल्या कामाचा. फ्रेमचा तळ निखाऱ्याच्या १० ते १५ सेंमी वर ठेवा. निखारा फोटोत नकोच.

पंखा, एसी बंद, दारं-खिडक्या बंद. मग दोन मिनिटं काहीही न करता थांबा, कारण चालण्यानेही हवा ढवळते. धूर अगदी सरळ झाला की मीटरभर लांबून पुठ्ठ्याचा एकच हलका झटका द्या आणि तीन-चार सेकंदांनी फोटो काढा. हवा लगेच पोचत नाही. सतत हलवत राहिलात तर फक्त धुसर गोळा मिळेल.

धुराच्या वाटेत वस्तू धरणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय. चमच्याची पाठ धरली तर धूर दोन्ही कडांवरून पातळ पदर होऊन निघतो. उपडी वाटी धरली तर आधी आत साठतो, मग काठावरून सांडत वर जातो. काटा-चमच्याच्या दात्यांमधून गेला तर समांतर रेषा मिळतात. अशी एखादी फ्रेम शंभर टक्क्यांवर मोठी करून पाहा: एकाच पदरात दहा-बारा बारीक रेषा शेजारी शेजारी धावतात, नऊवारीच्या निऱ्या चापूनचोपून बसवल्यासारख्या, आणि वळणाशी सगळ्या एकत्र दुमडतात. ही कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी १८९९ ते १९०१ या काळात धुराच्या समांतर धारा सोडून, त्यांच्या वाटेत वेगवेगळ्या आकारांचे अडथळे ठेवून, मॅग्नेशियमच्या लखलखाटात फोटो काढले होते. त्यांना हवेचा प्रवाह पाहायचा होता. आपल्याला जे सुंदर दिसतं, तो तोच प्रवाह आहे.

दोन उदबत्त्या शेजारी लावल्या तर दोन्ही धागे एकमेकांकडे ओढले जाऊन वर एक होतात. ते गुंफण हवं असेल तर दोघींत ४-५ सेंमी अंतर ठेवा.

शंभर फ्रेममधून आठ-दहा चांगल्या निघाल्या तर हात बसला समजा.

८. पहिले वीस फोटो छान येतात, नंतर पार्श्वभूमी करडी होत जाते. सेटिंग तर तीच आहे!

खोली धुराने भरली. कॅमेरा आणि पडद्याच्या मधल्या हवेत पसरलेला धूर फ्लॅशने उजळतो आणि काळ्यावर राखाडी थर येतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी उदबत्ती वाळूत विझवा, खिडक्या उघडा, पंखा लावा, हवा स्वच्छ झाली की पुन्हा सुरू करा. पंखा लावण्याआधी निखारा नक्की विझवायचा, नाहीतर राख आणि ठिणगी दोन्ही उडतात. त्याहून सोपं म्हणजे अख्खी काडी न पेटवता ४ सेंमीचा तुकडा वापरणं. दर वेळी लेन्सची पुढची काचही पाहा; धुरातला चिकट अंश तिच्यावर बसतो. साधा यूव्ही फिल्टर लावला असेल तर तोच पुसायचा.

९. घरात लहान मूल आहे, आईला दम्याचा त्रास आहे. काढू का?

त्यांच्या खोलीत आणि त्यांच्या उपस्थितीत नाही. उदबत्तीच्या धुरात फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण असतात. दम्याचे रुग्ण, तान्ही मुलं, गरोदर स्त्रिया आणि पिंजऱ्यातले पक्षी यांना त्यापासून लांब ठेवा. गच्चीवरची बंद खोली किंवा रिकामं गॅरेज बरं. पडदे, कापूस, सॅनिटायझर जवळ नको; ओलं फडकं हाताशी हवं.

१०. आम्ही परदेशात फ्लॅटमध्ये राहतो. स्मोक अलार्म वाजला तर?

वाजू शकतो. अलार्म झाकू नका, काढू नका. बऱ्याच इमारतींत तो मध्यवर्ती यंत्रणेला जोडलेला असतो आणि छेडछाडीला दंडही असतो. वारा नसलेल्या रात्री बाल्कनी किंवा गॅरेज गाठा, इमारतीचे नियम आधी वाचा. बाल्कनीत तीन बाजूंनी पुठ्ठ्याचा आडोसा केला तर धूर बराच शांत राहतो, फक्त निखारा पुठ्ठ्यापासून हातभर लांब.

११. धूर डोळ्यांना पांढरा दिसतो, फोटोत निळा का येतो?

उदबत्तीतून नुकत्याच निघालेल्या धुराचे कण इतके बारीक असतात की ते लांब लहरींच्या तांबड्या प्रकाशापेक्षा आखूड लहरींचा निळा प्रकाश जास्त विखुरतात. हा टिंडल परिणाम. काळ्या पार्श्वभूमीवर तो उठून दिसतो. कॅमेऱ्यात काही बिघाड नाही. व्हाइट बॅलन्स फ्लॅशवर ठेवा आणि निळा काढायचा की राखायचा ते एडिटिंगमध्ये ठरवा. फोटो उलटवायचा (काळ्याचं पांढरं करायचं) असेल तर मात्र प्रश्न १३ आधी वाचा.

१२. एडिटिंग कुठून सुरू करायचं?

काळ्यापासून. रॉ फाइल १६ बिटमध्ये (८ बिटपेक्षा रंगछटांच्या कितीतरी जास्त पायऱ्या) उघडा. फोटोशॉपमध्ये लेव्हल्स (काळ्या-पांढऱ्याची टोकं ठरवणारं साधन) उघडून डावा, काळा स्लायडर ऑल्ट दाबून सरकवा: जे पूर्ण काळं झालंय ते पांढऱ्या पडद्यावर काळं दिसतं. पार्श्वभूमी काळी होईपर्यंत सरकवा, पण धुराची झिरझिरीत किनार कापायला लागली की थांबा. उरलेला करडेपणा मोठ्या, मऊ कडेच्या काळ्या ब्रशने स्वतंत्र लेयरवर (चित्रावरच्या वेगळ्या थरावर) झाका. स्लायडरने सगळं उरकायला गेलात तर धूर कात्रीने कापल्यासारखा दिसतो. गिम्प मोफत आहे आणि त्यातही हेच करता येतं. काळं तपासायला थ्रेशोल्ड उघडून त्याची खालची मर्यादा तळाच्या जेमतेम वर आणा, पार्श्वभूमीत पांढरे डाग दिसतील तिथे अजून काम बाकी आहे. तपासून झालं की थ्रेशोल्ड रद्द करा.

मग गाभ्याचा पांढरेपणा थोडा खाली आणा. पूर्ण पांढऱ्या भागावर नंतर रंग चढत नाही (प्रश्न १४).

१३. पांढऱ्या पार्श्वभूमीवर धूर हवा आहे. इन्व्हर्ट केलं तर तपकिरी झाला!

इन्व्हर्टने काळं पांढरं होतं, तसा निळा त्याच्या विरुद्ध रंगात, पिवळसर तपकिरीत जातो. तीन मार्ग आहेत. आधी फोटो कृष्णधवल करून मग उलटवा, हा सगळ्यात स्वच्छ. किंवा फोटोशॉपमध्ये कंट्रोल + आय ने उलटवून कंट्रोल + यू उघडा आणि ह्यू (रंगछटा) १८० वर न्या. निळा परत येतो. गिम्पमध्ये व्हॅल्यू इन्व्हर्ट वापरलं तर रंग तोच राहून फक्त उजेड-अंधार उलटतो.

उलटवल्यावर पार्श्वभूमी मळकट पांढरी दिसली तर मूळ काळं काळं नव्हतं. मागे जा, प्रश्न १२.

१४. रंग कसे भरायचे, म्हणजे पार्श्वभूमी रंगणार नाही?

धुराच्या वर नवा लेयर घ्या, त्यात दोन-तीन रंगांचा ग्रेडियंट (एकातून दुसऱ्यात मिसळत जाणारा पट्टा) ओढा आणि ब्लेंड मोड (लेयर खालच्यात मिसळण्याची पद्धत) ‘कलर’ करा. हा मोड खालचा उजेड तसाच ठेवतो, त्यामुळे शुद्ध काळ्यावर आणि शुद्ध पांढऱ्यावर रंग दिसतच नाही, फक्त धुरावर चढतो. रंग भडक वाटला तर ओपॅसिटी ६० टक्क्यांवर आणा. ग्रेडियंट मॅप (उजेडाच्या प्रत्येक पातळीला रंग देणारं साधन) हाही चांगला. त्यात धुराच्या दाटपणानुसार रंग बदलतो. फक्त काळ्या पार्श्वभूमीसाठी त्याचं डावं टोक शुद्ध काळं हवं. तिथे गडद निळा राहिला तर सगळी पार्श्वभूमी निळी होते.

आमचं मत: दोन रंग पुरतात, तेही रंगचक्रात शेजारचे. इंद्रधनुष्याचे सातही रंग ओतले की धुराची वळणं दिसेनाशी होतात आणि फक्त रंग उरतात.

१५. फोटो काढतानाच रंगीत प्रकाश टाकता येतो का?

हो, आणि तो जिवंत दिसतो. आकाशकंदिलाला लावतात तो जिलेटीन पेपर फ्लॅशसमोर २-३ सेंमी अंतर सोडून लावा. चिकटवला तर उष्णतेने आक्रसतो. दोन फ्लॅश असतील तर डावीकडे तांबडा, उजवीकडे निळा, आणि दोन्ही पडतात तिथे जांभळट गुलाबी. गडद कागद एक-दोन स्टॉप सहज खातो, ताकद तेवढी वाढवा. हॅलोजन दिव्याला हा कागद लावू नका.

१६. दोन्ही बाजू सारख्या असलेले, चेहऱ्यासारखे दिसणारे फोटो कसे करतात?

कॅनव्हास दुप्पट रुंद करा, नवी जागा काळी. धुराच्या लेयरची प्रत काढून आडवी पलटवा आणि मूळ चित्राशेजारी सरकवत न्या. काळ्या पार्श्वभूमीवर वरच्या लेयरचा मोड ‘लायटन’ किंवा ‘स्क्रीन’. पांढऱ्यावर ‘डार्कन’ किंवा ‘मल्टिप्लाय’. स्क्रीनमध्ये जिथे धूर एकमेकांवर येतो तिथे उजेड वाढतो, लायटनमध्ये वाढत नाही. आता प्रत एकेक सेंटिमीटर आत-बाहेर करून पाहा. मधली रेषा जरा सरकली की फुलपाखराचं घुबड होतं. चित्र वरचं खाली फिरवूनही पाहा, अनेकदा आकार खालून सापडतो.

१७. उलटवल्यावर काळे ठिपके आणि रंगात पायऱ्या दिसतात. हे कुठून आलं?

ठिपके म्हणजे हवेतली धूळ, राखेचे कण आणि सेन्सरचे तापलेले पिक्सेल. काळ्यावर ते बारीक तारे वाटले, पांढऱ्यावर डाग झाले. म्हणून उलटवण्याआधीच हीलिंग ब्रशने टिपा. पायऱ्या पडतात त्या ८ बिटमध्ये काम केल्याने किंवा जेपेग पुन्हा पुन्हा ताणल्याने. १६ बिटमध्ये परत करा आणि शेवटी एक-दोन टक्के नॉइज घाला. तो डोळ्याला दिसत नाही, पण पायऱ्या मोडतो.

१८. हा धूर चहाच्या कपावर वाफ म्हणून वापरता येईल का?

येईल, पण निवडून. खरी वाफ मऊ असते आणि थोड्याच उंचीवर विरते; तिला धारदार रेषा नसतात. फोकसबाहेर गेलेली पुसट फ्रेम घ्या, निळा रंग पूर्ण काढा, स्क्रीन मोडमध्ये ३० ते ५० टक्के ओपॅसिटीवर ठेवा आणि खालची कड मास्कने (लेयरचा भाग लपवणाऱ्या साधनाने) चहाच्या पृष्ठभागात मुरवा. कपावर उजेड डावीकडून असेल तर धूरही डावीकडून उजळलेला हवा, नाहीतर जोडकाम लगेच कळतं.

१९. धुराचा ब्रश केला, पण प्रत्येक ठशाभोवती चौकट उमटते.

ब्रश करताना गडद भाग रंग होतो आणि शुद्ध पांढरा भाग पारदर्शक. तुमचं पांढरं एखाद-दोन टक्के मळकं आहे. कृष्णधवल प्रतीत लेव्हल्सचा उजवा स्लायडर थोडा आत घ्या, चारही कडा पांढऱ्या ब्रशने पुसा आणि ब्रश पुन्हा तयार करा.

२०. प्रिंट काढायची आहे. काळ्यावरचा धूर छापावा की पांढऱ्यावरचा?

ए४ ला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, ए३ ला ३५०८ × ४९६१. मोबाइलच्या व्हिडिओ फ्रेमला ए४ च्या पुढे ताणू नका. काळ्यावरचा धूर ग्लॉसी किंवा लस्टर कागदावर छापा. मॅट कागदावर काळा करडा पडतो आणि घरच्या इंकजेटवर शाईही खूप जाते. पांढऱ्यावरचा धूर उलट मॅट, जाड, किंचित खरखरीत कागदावर शोभतो, कारण पार्श्वभूमीला शाईच नसते आणि कागदाचा पोत तसाच दिसतो. छापण्याआधी धुराची सगळ्यात फिकी किनार मोजा. ती पांढऱ्यापेक्षा दोन टक्क्यांनीच गडद असेल तर कागदावर गायब होईल. कर्व्ह्जमध्ये तेवढाच भाग पाच टक्क्यांपर्यंत खाली ओढा आणि आधी एका कोपऱ्याची तळहाताएवढी चाचणी प्रिंट काढून पाहा.